मोजमाय

"पहिल्यापेक्षा दीड हात अजून खोल घेतली, साहेब, म्हनून तं पुन्हा कधी हालली नाही," असं निंबोलीचे नानाजी म्हणाले आणि प्रसादाची नारळाची वाटी त्यांनी माझ्या टेबलावर, नकाशाच्या कडेला ठेवली. मी खोबऱ्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकलेला होता. चावता चावता थांबलो. वर पंखा फिरत होता, पलीकडच्या खोलीत टाइपरायटर चालला होता, खिडकीबाहेर सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर वाळलेली पानं सायकलींच्या चाकांखाली चुरत होती. यातलं काहीच थांबलं नाही. फक्त तोंडातलं खोबरं एकाएकी लाकडासारखं झालं. ते गिळवेना, आणि प्रसाद म्हणून थुंकताही येईना. शिपाई गोविंदा दारातून म्हणाला, "ठसका लागला काय साहेब? पानी आनू?" मी हातानेच नको म्हटलं. नानाजींना वाटलं, मला गोष्ट आवडली. ते खुर्चीत पुढे सरकले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "बासष्टचा पूर तुमाले ठावकंच हाय. मी तवा चिचघाटले होतो, सासुरवाडीले. मोजमाय उपटून घाटाच्या खाली चिखलात पडली होती, पालथी. आता देवाले पालथं ठेवता येते काय? आमी सात जनं होतो. पहार माह्या हाती. म्हटलं, गड्यांनो, एवढी खोल बसवा का पुन्हा नदीनं जोर केला तरी मायनं हू का चू करू नये. अन् पाहा, बारा साल झाले. मी दरसाल नारळ घेऊन जातो. हा तिचाच."

मोजमाय हे गावाने दिलेलं नाव. आमच्या कागदांत तिला पाणमोजणीचा खांब म्हणतात. साखरी नदीच्या काठी चिचघाटच्या डोहात, काळ्या दगडाचा, पुरुषभर उंच, एका बाजूला फुटांच्या आणि इंचांच्या खुणा कोरलेला. पाटबंधारे खात्याने तो अठ्ठावन्न साली रोवला. तिथे रुपराव नावाचा गावातलाच माणूस नेमला. त्याने रोज सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला घाटावर जायचं, पाणी कितव्या खुणेला टेकलं आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. त्या आकड्यांवरून वर्षाला नदीतून किती पाणी वाहतं ते आम्ही नागपूरला बसून काढायचं. त्या पाण्यावर धरण किती उंच, कालवा किती लांब, कुठल्या गावाला पाणी आणि कुठल्याला नाही, हे सगळं ठरायचं. एवढं मोठं काम आणि सगळा भार एका दगडावर. दगड जर खाली सरकला, तर तेवढ्याच पाण्यात तो जास्त बुडतो. पाणी वाढलेलं नसतं, पण आकडा वाढतो. दीड हात म्हणजे सव्वादोन फूट. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कळायला खोबऱ्याचा तुकडा लागला.

"ते जाऊ द्या," नानाजी म्हणाले, "मी आलो थे दुसऱ्याच कामानं. सोमवारी आमच्या निंबोलीची सही हाय, कालव्याले जमीन द्याची." कालव्याची आखणी मला पाठ होती, चौतीसाव्या किलोमीटरवर निंबोली, सगळ्यात शेवटचं गाव. आखणीची रेघ मीच ओढली होती. नकाशावर तिथे फिकट हिरवा रंग होता, आणि त्या हिरव्यात काय आहे हे त्या दुपारपर्यंत मी कुणाला विचारलं नव्हतं. "आमराई हाय," नानाजी म्हणाले. "एकशे बारा झाडं. अर्धी माही, अर्धी वयनीची, जयवंताबाईची. यंदा मोहोर असा आला हाय का पान दिसून नाही राह्यलं. गाव म्हनते, झाडं गेली तं जाऊ द्या, पानी आलं तं धान होईन, दोन पिकं होतीन, पोरं नागपूरले हमाली कराले जानार नाहीत. वयनी म्हनते, झाड तोडलं का तोडलं, पानी खरंच येते का नाही थे पयले पाहून या. मंग मी म्हटलं, नागपूरले आपल्या ओळखीचा एक मानूस हाय. कीर्तनातला मानूस हाय. तो खोटं नाही बोलनार." ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे पाणावलेले होते, उन्हाने असतील. "येईन ना साहेब पानी? हो का नाही, एवढंच सांगा. बाकी आमाले समजत नाही." मी म्हणालो, हिशेब पुन्हा पाहतो आणि सोमवारच्या आत सांगतो. एवढंच म्हणालो. त्यांना इतवारीत जाऊन घागर घ्यायची होती, मग भिवापूरची गाडी धरायची होती. जाताना त्यांनी वाकून मला नमस्कार केला. त्यांचं वय माझ्या वडिलांइतकं.

कीर्तनातला माणूस. बारा वर्षांपूर्वी नानाजींनी मला एकदाच पाहिलं होतं, चिचघाटच्या घाटावर, माझ्या शेजारी घोंगडीवर बसून. पूर ओसरून महिना झाला होता. मी तेव्हा ओव्हरसियर होतो, सत्तावीस वर्षांचा, लग्नाला वर्ष झालेलं. पुरानंतर प्रत्येक खांब जागेवर आहे का ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. देवळाच्या पायरीवर खात्याने छिन्नीने एक खूण कोरलेली होती. ती कधी न हलणारी. त्या खुणेवर पट्टी उभी धरायची, मग खांबाच्या माथ्यावर पट्टी उभी धरायची, मधे तिपाईवर दुर्बीण लावून दोन्ही वाचायचं. फरक पूर्वीइतकाच आला तर खांब जागेवर. पाऊण तासाचं काम. दुपारी तीनला मी तिपाई खांद्यावर घेऊन घाट उतरलो आणि पाहतो तर खांबाला शेंदूर, आंब्याच्या डहाळ्या, पायथ्याशी तांदळाच्या राशी. पुन्हा स्थापना झाल्याचा सातवा दिवस होता. घाटावर मांडव, मांडवात दोनशे माणसं आणि काठावर कीर्तन उभं राहत होतं. बुवांचं नमन चाललं होतं. झांजांचा आवाज पाण्यावरून येऊन पुन्हा पाण्यावर जात होता. मी तिपाई देवळाच्या भिंतीला टेकवली, आणि खरं सांगतो, तेव्हाच मनात सुटल्यासारखं वाटलं. रुपराव धावत आला. "साहेब, माय जशी होती तशीच बसोली. काही फरक नाही." आणि मग आवाज खाली आणून: "अन् आता तिच्या डोक्स्यावर पट्टी ठेवसान काय? सात दिवस झाले प्रान घातल्याले." मी त्या शेंदराच्या माथ्याकडे पाहिलं. पट्टीचं खालचं टोक लोखंडी होतं, चिखलाने भरलेलं. मी ते देवाच्या डोक्यावर ठेवणार होतो.

ठेवलं नाही. नानाजींनी सरकून घोंगडीवर जागा केली आणि मी बसलो. त्या दिवशी बुवांनी पूर्वरंगात काय सांगितलं ते आज आठवत नाही; आठवतो तो त्यांचा आवाज, थोडा बसलेला, आणि निरूपण संपून आख्यान सुरू होण्याच्या मधला तो वेळ. बुक्का लावतात, हार घालतात, सगळे एका स्वरात गजर करतात, आणि माणूस क्षणभर आपलं नाव विसरतो. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या देवळात वडिलांच्या मांडीवर बसून मी त्या वेळाची वाट पाहत असे. देवळात माझ्यासारखी बरीच मुलं आख्यानासाठी यायची, मी त्या मधल्या क्षणासाठी यायचो. तिथे घाटावर तो क्षण उघड्या आकाशाखाली आला. संध्याकाळच्या उन्हात डोह तांबूस झाला होता, त्यात शेंदराची माय उभी होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठलो तेव्हा सहा वाजले होते. रुपराव वही घेऊन पायरीवर उभा होता. चार फूट दोन इंच, त्याने वाचलं. मी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: खांबाचे शून्य तपासले, बदल नाही. खाली सही. विश्वनाथ दत्तोपंत. सही करताना मी खोटं लिहितो आहे असं मला वाटलंच नाही. आजही तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. माझं मन इतकं भरलेलं होतं की त्या भरलेपणात जगातली प्रत्येक गोष्ट जागेवर आहे असं वाटत होतं.

मग वर्षं गेली. मी नागपूरच्या कार्यालयात आलो, आखणीच्या टेबलावर बसलो. चिचघाटच्या वह्या दर महिन्याला येत. साखरी उन्हाळ्यातही अडीच फुटांखाली जात नाही, असं दिसू लागलं. आमचे कार्यकारी अभियंता, कृष्णकांत साहेब, मोठे खूश झाले. अहवालात शब्द आला, 'बारमाही नदी'. मी तो शब्द माझ्या अक्षरात तीन प्रतींत उतरवला. पहिल्या चार वर्षांचे आकडे एवढे कमी आणि नंतरचे एवढे जास्त का, हा प्रश्न मला एकदा पडला होता. पडला आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही, जसं देवळातून बाहेर पडताना एखादा ओळखीचा माणूस दिसतो आणि आपण चपला शोधत असल्यासारखं करतो. त्या दुपारी नानाजी गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. बासष्टनंतरच्या प्रत्येक आकड्यातून सव्वादोन फूट वजा करत गेलो. एप्रिल, मे, जून. पेन्सिल पुढे सरकत होती आणि नदी कागदावर आटत चालली होती. पाच वाजता माझ्यासमोर जी नदी उरली, ती चौतीस किलोमीटरचा कालवा भरू शकत नव्हती. वीस किलोमीटर. फार तर एकवीस.

सायकलवरून बर्डीपर्यंत आलो ते आठवत नाही. गुरुवार होता, गुरुवारी महालातल्या देवळात कीर्तन असतं आणि गेल्या तीस वर्षांत मी फारच थोडे गुरुवार चुकवले. त्या दिवशीही गेलो. पाय आपोआप वळले. माझी जागा खांबाजवळची, तिथे बसलो. बुवा नवे होते, तरुण, गळा गोड. पेटीवाल्याने सूर दिला. मी डोळे मिटले, नेहमीसारखे, आणि वाट पाहू लागलो. काहीच आलं नाही. शब्द कानात येत होते, झांज कानात येत होती, पण आत उतरायची जी वाट होती ती कुणीतरी आतून लावून घेतल्यासारखी बंद होती. मला भीती वाटली. नोकरीची किंवा सहीची भीती मागेच राहिली. ही वेगळी होती, लहान मुलाची, गर्दीत वडिलांचा हात सुटल्यावरची. बुवा मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण बुवांना काय माहीत. ते सगळ्यांकडे पाहून हसत होते, माझ्याकडेही. कीर्तनाचा यात दोष नव्हता. देवाचा तर नव्हताच. त्या दिवशी घाटावर देव मला कामाला लाग म्हणत होता की नाही ते मी ऐकलंच नव्हतं, कारण मी ऐकण्यात गुंग होतो. बुक्का लावायला माणूस माझ्यापर्यंत आला तेव्हा मी कपाळ मागे घेतलं. त्याला वाटलं, घरी सुतक असेल. तो पुढे गेला.

घरी माझी बायको सुमती गहू निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं. "आज देवळात नाही गेलात?" मी म्हणालो, गेलो होतो. आणि मग तिच्या समोर, ताटाच्या पलीकडे, जमिनीवर बसून तिला सगळं सांगितलं. नानाजी, दीड हात, मागच्या पानावरची सही, आमराई. तिची बोटं गव्हातून फिरत होती, खडे बाजूला काढत होती. "मला तो दिवस आठवतो," ती म्हणाली. "तुम्ही चिचघाटहून आलात तेव्हा कपाळाला बुक्का होता. मी म्हटलं, अहो, कामावर गेला होतात की कीर्तनाला? तुम्ही हसलात. म्हणालात, दोन्ही झालं." तिने ताट खाली ठेवलं. "मला तेव्हा किती बरं वाटलं होतं. म्हटलं, देवाने आपल्याला असा माणूस दिला." मी विचारलं, "आता काय करू?" ती चिडली. क्वचित चिडते. "मला काय विचारता? त्या म्हाताऱ्याला सोमवारच्या आत सांगतो म्हणालात ना? नोकरीचं म्हणाल तर मी शिवणाचं मशीन काढीन पुन्हा. पण त्या बाईची झाडं तोडून झाल्यावर तुम्ही मला घरात असे बसलेले नको. आधीच सांगून ठेवते."

शुक्रवारी सकाळी मी कृष्णकांत साहेबांच्या खोलीत गेलो. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या आजारपणात दोनदा घरी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले. "अबे विश्वनाथ, तुझं डोकं ठिकाण्यावर आहे काय? एक कास्तकार येतो, नारळ देतो, दीड हात म्हणतो, आणि तू बारा वर्षांची मोजणी पाण्यात घालतोस? त्याचा हात किती लांब, तू मोजला काय?" मी म्हणालो, नाही. "मग?" मी म्हणालो, उद्या-परवा जाऊन लेव्हल लावतो. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग आवाज बदलला. "लावलीस, आणि फरक निघाला, तर मला तो कागदावर घ्यावा लागेल. तेव्हा तुझी सही निघेल. समजून राहिलास ना? आज ही गोष्ट या खोलीत आहे. कालव्यात पाणी कमी आलं तर पाऊस कमी झाला म्हणता येतं. दरसाल कुठे ना कुठे कमी होतोच." हीच गोष्ट रात्रभर मीही स्वतःला सांगितली होती, जवळजवळ याच शब्दांत, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती किती साधी, किती घरगुती वाटत होती. साहेबांनी तिपाई आणि दुर्बीण नेण्याच्या चिठ्ठीवर सही केली. कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "रविवारी काहून जातोस? आरामाचा दिवस आहे." त्यात विनवणी होती.

रविवारी दुपारी मी चिचघाटला उतरलो. वाटेत भिवापूरकडच्या शेतांत मिरची वाळत घातली होती, खिडकीतून तिचा झणका येत होता आणि गाडीतली सगळी माणसं शिंकत होती. रुपराव घाटावरच भेटला. आता पाठीत वाकलेला, दात गेलेले, पण वही काखेत. बाराचं वाचन नुकतंच घेऊन परत निघाला होता. मी त्याला सांगितलं. तो समजला, लगेच समजला. सोळा वर्षं जो माणूस पाण्याकडे पाहत आला त्याला समजायला वेळ लागत नाही. "म्हंजे मी खोटं लिवलं?" तो म्हणाला. मी म्हणालो, "नाही रुपराव, तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलं." "माहा एक दिवसाचा खाडा नाही साहेब. बायको गेली त्या दिवशीबी सहाचं वाचन घेतलं. सरण पेटोलं, अन् इकडं आलो." तो दगडावर बसला. नदी त्याच्या पायाशी इतकी थोडी होती की डोहाच्या वरच्या अंगाला नुसते गोटे दिसत होते, आणि त्या गोट्यांच्या पलीकडे बायका वाळूत झिरे खणून घागरी भरत होत्या. बारमाही, मी तीन प्रतींत लिहिलं होतं. डोह मात्र भरलेला होता, आणि डोहात माय उभी, अडीच फूट पाण्यात, शांत.

पायरीवरच्या खुणेचं वाचन मी घेतलं. मग खांबाची पाळी आली. रुपराव धोतर खोचून पाण्यात उतरला, पट्टी हातात. त्याने आधी तिचं लोखंडी टोक तीन वेळा धुतलं. मायच्या पायाला हात लावला, पुटपुटला काहीतरी. मग खांद्यावरचा शेला काढला, त्याची घडी घातली, ती शेंदराच्या माथ्यावर ठेवली आणि घडीवर पट्टी उभी केली. मी दुर्बिणीतून पाहत होतो. "रुपराव," मी ओरडलो, "शेला काढावा लागेल. त्याची जाडी येते मधे." तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, तो नाही म्हणेल, आणि माझ्या मनाचा एक कोपरा, त्या वेळीही, तो नाही म्हणेल म्हणून थांबला होता. मग मी तिपाई सोडली, चपला काढल्या, पँट वर न करताच पाण्यात उतरलो. तळाचा गाळ बोटांत शिरला. मी शेला उचलून त्याच्या खांद्यावर टाकला, माथ्यावरचा शेंदराचा जाड थर नखांनी खरवडला, दगड लागेपर्यंत, आणि पट्टी त्याच्या हाताला हात लावून मीच दगडावर टेकवली. "चुकलं असन तं माह्यावर घे माय," रुपराव म्हणाला. मी काठावर आलो. दुर्बिणीत आकडे उलटे दिसतात. मी दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले. जुन्या नोंदीशी वजाबाकी केली. दोन फूट तीन इंच. नानाजींचा हात अगदी बरोबर होता. नखांत शेंदूर भरला होता, आणि गुरुवारपासून घट्ट झालेला श्वास तिथे, त्या ओल्या कपड्यांत, पहिल्यांदा पूर्ण आत गेला. वहीच्या मागच्या पानावर, माझ्या जुन्या ओळीखाली, मी नवी ओळ लिहिली आणि रुपरावला वाचून दाखवली. त्याने मान हलवली. मग उन्हाकडे पाहून म्हणाला, "सहाचं वाचन काय लिवू? जे दिसते थे का त्यातून काढून?" मी म्हणालो, "जे दिसतं तेच. बाजूला लिहायचं ते मी लिहीन."

सोमवारी सकाळी निंबोलीला पोचलो तेव्हा सहीचा साहेब यायचा होता. सतरंजी घातली होती आणि आमराईच्या सावलीत सगळं गाव बसलं होतं. मोहोराचा वास इतका दाट होता की बोलताना तोंडात येत होता. नानाजींनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी हो सांगायला एवढा लांब आलो. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. ते ऐकत असताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून एकेका झाडावर जात होती. "मंग तुमीच सांगा सगळ्याइले," ते म्हणाले. "माह्या तोंडातून नाही निंगनार." मी जन्मभर बसून ऐकणारा. दोनशे डोळ्यांपुढे उभं राहायचं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. हातांचं काय करायचं तेही कळेना. मी सांगितलं, जमेल तसं. की खांब पुरात पडला आणि पुन्हा बसवला तेव्हा खोल गेला. की तो तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही, आणि तपासलं असं लिहिलं. की नदीत पाणी तेवढं नाही, आणि निंबोलीपर्यंत कालवा खणला तरी तो कोरडा राहील. एक जण ओरडला, "म्हंजे बारा साल आमाले येडे बनवून राह्यले होते काय गा?" दुसरा म्हणाला, "वरच्या गाववाल्याइनं पैसे चारले असतीन, म्हनून आता आमचं पानी कापते." मग नानाजी उभे राहिले, टोपी हातात. "दगड खोल म्या घेतला," ते म्हणाले. "पहार माह्या हाती होती. या मानसानं सांगितलं नसतं तं मले मरेपर्यंत समजलं नसतं. शिव्या द्याच्या असन तं अर्ध्या मले द्या." त्यावर कुणी हसलंही नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. एक म्हातारा तोंडात पंचा धरून रडत होता. त्याने पाण्याच्या भरवशावर नातवाला नागपूरहून परत बोलावलं होतं.

बायकांच्या बाजूने जयवंताबाई उठली. उंच, काळी, हातात कोयता. सकाळपासून गवत कापत असावी. तिची झाडं वाचली होती, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पानी कुठवर येईन?" तिने विचारलं. मी सांगितलं, विसाव्या किलोमीटरपर्यंत. "अन् आमी?" चौतीसाव्यावर. तिने मनात काहीतरी मोजलं. मोजताना ओठ हलत होते. "मधात पाच गावं हाय." हो, मी म्हणालो, पाच. "त्याइच्या सह्या?" तीन गावांच्या झाल्या होत्या, दोन गावांच्या बुधवारी होत्या. "त्याइले कोनी सांगितलं?" मला निंबोलीपर्यंतच यायचं होतं. गुरुवारपासून माझ्या मनात एकच गाव होतं, एकच आमराई, एकच म्हातारा, आणि इथे येऊन बोलून झालं की संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं, असं मी धरून चाललो होतो. ते मला तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांत पाहतानाच कळलं. "नाही सांगितलं," मी म्हणालो.

तिने कोयता शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि पदर कमरेला खोचला. "भाऊजी," ती नानाजींना म्हणाली, "दमनीले बैल जुपा." मग माझ्याकडे वळून, रागाने नाही आणि मायेनेही नाही, कामाच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "चाला साहेब. ऊन उतराच्या आंधी दोन गावं होतीन."